उतरलेली रेघ

१

दहाच्या दहा माणसांच्या काळजाला धोका आहे, असं यंत्रानं सांगितलं.

त्यांतले पाचजण खरोखरच हृदयविकाराचा झटका येऊन दवाखान्यात पडले होते. चौघं कॉलेजातलेच धडधाकट लोक होते. आणि दहावं रक्त होतं यंत्र पारखायला दिल्लीहून आलेल्या समितीच्या अध्यक्षांचं. गृहस्थ त्याच सकाळी जोतिबाच्या सगळ्या पायऱ्या चढून आले होते आणि दुपारी हौसेनं त्यांनी स्वतःचा हात सुईपुढं केला होता. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे होते. प्राचार्यांच्या खोलीत पाकीट फोडून यादी वाचली गेली, तेव्हा अध्यक्षांचा हात आपोआप छातीकडं गेला. मग तो खाली आला आणि त्यांनी यंत्राचा अहवाल टेबलावर उपडा ठेवला.

"छान चेष्टा केलीत," ते म्हणाले.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर २००५. कोल्हापूरच्या टेकडीवरच्या एका विज्ञान महाविद्यालयात हे घडलं. रक्ताच्या थेंबावरून पंधरा मिनिटांत हृदयाचं दुखणं सांगणारं यंत्र तिथं पाच वर्षं बनत होतं. बनवत होती संघप्रिया कुरणे, कुरुंदवाडची एक संशोधक विद्यार्थिनी. तिचे मार्गदर्शक होते विभागप्रमुख डॉक्टर हंबीरराव इंगवले.

समिती मुंबईच्या रात्री साडेआठच्या गाडीनं गेली. मधल्या चार तासांत प्राचार्यांनी पाहुण्यांना अंबाबाईचं दर्शन घडवलं, रंकाळ्यावर फिरवलं, तांबडा-पांढरा रस्सा पाजला. तरी कुणी मोकळेपणानं बोललं नाही. ते चार तास इकडं हंबीरराव मात्र बोलत होते, आणि टेकडीच्या पायथ्यापर्यंत ऐकू जात होतं.

"नागपूरला जत्रा करून आली आणि गाडीतनं उतरून तशीच यंत्रावर बसली! आदल्या दिवसापर्यंत यंत्र बरोबर चालतंय, हिचा हात लागला की बिघडतंय? हे चुकून झालेलं नाही. हिनं मुद्दाम केलंय."

सोमवारी दुपारी चार वाजता संघप्रियाची नोंदणी रद्द करायची, असं ठरलं. पाच वर्षं पाण्यात जाणार होती. कागद पुरा दिसावा म्हणून चौकशीला बाहेरचा एक माणूस हवा होता. प्राचार्यांनी खूप विचार केला आणि कधीही कुणाला नाही न म्हणालेला माणूस निवडला.

२

आकाराम चौगुले, वय एकाहत्तर. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. कॉलेजचे माजी विद्यार्थी, आणि आता संस्थेच्या ग्रंथालय समितीवर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बैठकीत ते बोलायला तोंड उघडत, तेवढ्यात दुसरा कुणी बोलू लागे, आणि अण्णा सुटल्यासारखे पुन्हा मिटून घेत.

सोमवारी सकाळी प्राचार्यांनी त्यांच्या हातात टाइप केलेला कागद दिला. 'सदर घटनेस संशोधक विद्यार्थिनीचा हेतुपुरस्सर गैरप्रकार कारणीभूत असल्याचे माझे मत आहे.' खाली सहीसाठी रेघ मारलेली.

"एकदा खोली बघून या म्हणजे झालं," प्राचार्य म्हणाले. "चारपर्यंत आणून द्या."

अण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला. असा एक कागद त्यांनी बावीस वर्षांपूर्वी घेतला होता. कारखान्याच्या मळीनं नदीतले मासे उताणे तरंगत होते आणि कागदावर लिहिलं होतं की पाणी निर्मळ आहे. अण्णांनी सही केली होती. त्यानंतर त्यांनी नदीच्या वाटेनं जायचं सोडलं, पण कागद विसरता आला नव्हता.

प्रयोगशाळेच्या दारात गुंडू बसला होता. तीस वर्षं तिथंच कामाला, निवृत्तीला तीन महिने.

"या पावणं," तो जागचा न हलता म्हणाला. "साकरंचं मास्तर ना तुमी? तुमाला ह्यातलं काय कळणार हाय? पोरीचं चुकलं म्हणून लिवा आन मोकळं व्हा. आमाला झाडून काडायचं हाय."

"नुसतं बघतो, गुंडूभाऊ."

"बगा की. बगायला काय पैसं पडत्यात?"

खोली लहान होती. भिंतीशी यंत्र. शेजारी तराजू, नळ्या गरगर फिरवायचं यंत्र, एक फ्रीज. प्रत्येकाच्या कपाळी वाळलेल्या कुंकवाचा टिळा होता. मंगळवारी खंडेनवमी झाली होती, अवजारांच्या पूजेचा दिवस.

"पूजा तुम्ही करता?"

गुंडूला त्या प्रश्नाचा रागच आला. "मी? सर करत्यात. तीस वर्सं झाली, ताटाला दुसऱ्या कुनाचा हात लागू दिला न्हाय त्येनी. कुकू तेलात सोताच कालवायचं, सोताच लावायचं, आमच्या कपाळाला बी त्येनीच. ताट उचलून कपाटात बी त्येच ठेवनार. आमी आपलं हात जोडायचं आन पेढा खायचा."

"आणि ह्या बाटल्यांना?"

"बाटलीची पूजा कोन करतंय वो? ती काय अवजार हाय?"

शुक्रवारी वापरलेलं सगळं सामान काचेच्या कपाटात होतं आणि दारावर प्राचार्यांनी सही करून चिकटवलेली कागदी पट्टी होती. पट्टी जशीच्या तशी होती. अण्णा वाकून पाहत राहिले.

पट्टीखालच्या फटीतून कपाटात मुंग्यांची रांग चालली होती. सील माणसांसाठी होतं, मुंग्यांना कोण अडवणार? रांग यंत्रातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या काचांच्या डबीला वळसा घालत होती, मोठ्या बाटलीकडं ढुंकूनही बघत नव्हती, आणि एका छोट्या बाटलीच्या गळ्याभोवती गोळा झाली होती.

तिच्यावर संघप्रियाच्या अक्षरात लिहिलं होतं : मिठाचं पाणी.

मिठाच्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत.

३

संघप्रिया ग्रंथालयाच्या मागच्या पायरीवर बसली होती. प्रयोगशाळेत पाऊल ठेवायला तिला बंदी होती.

"सही करायला आलात ना?" ती म्हणाली. "करा. मला विचारून कशाला करताय?"

"मला ते यंत्र समजून घ्यायचं होतं," अण्णा चाचरत म्हणाले. "मी काही फार शिकलेला नाही त्यातलं."

"शिकलेले होते त्यांनी तरी कुठं ऐकून घेतलं?"

पण यंत्राबद्दल विचारल्यावर तिला गप्प राहवेना. काचेवर सोन्याचा इतका पातळ थर असतो की पलीकडचं दिसतं. सोन्यावर तिनं अशी रेणूंची जाळी बसवली होती की हृदयाला इजा झाल्यावर रक्तात जे प्रथिन उतरतं, ट्रोपोनिन नावाचं, तेच त्यात अडकावं. काचेखालून प्रकाश सोडायचा. सोन्याला काही चिकटलं की परतणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित बदलतो आणि कागदाच्या गुंडाळीवर पेनाची रेघ वर चढते.

"आधी मोठ्या बाटलीतलं मिठाचं पाणी सोडायचं. रेघ सपाट. मग रक्तातलं पिवळं पाणी, छोट्या बाटलीतल्या मिठाच्या पाण्यात पातळ करून. रेघ चढते. मग पुन्हा मोठ्या बाटलीतल्या पाण्यानं धुवायचं. जे नुसतं वाहून आलेलं असतं ते निघून जातं, रेघ उतरते. चिकटलेलं असेल तेवढंच वर राहतं. तोच खरा आकडा."

"म्हणजे रेघ चढली एवढ्यावरून काही कळत नाही?"

"नाही. धुतल्यावर उरेल ते खरं."

"आणि शुक्रवारी?"

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. "शुक्रवारी सरांनी धुवू दिलं नाही. म्हणाले, पाहुण्यांची गाडी आहे, धुण्याआधीचा आकडा घे. मी म्हटलं, असं चालत नाही. तर सगळ्यांदेखत म्हणाले, कुरणेबाई, शिकवू नका. समितीतले तिघंही डॉक्टर होते, यंत्रातलं त्यांना काय माहीत? शेवटच्या नळीचा आकडा वाचून सरांनी कागद टरकावला आणि सगळ्यांना घेऊन गेले. मी सवयीनं धुण्याचं पाणी सोडलं, तेवढ्यात मलाही बोलावणं आलं. मग कुलूप."

"दोन्ही बाटल्यांत पाणी एकच?"

"एकाच भांड्यातलं. मागच्या सोमवारी सकाळी केलं, दोन्हींत भरलं, फ्रीजमध्ये ठेवलं आणि दुपारी आईला घेऊन गाडीत बसले. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातो आम्ही. सरांना माहीत आहे. आधी प्रयोगाची तारीख वीस होती, ती त्यांनी चौदा केली. तरी मी शुक्रवारी दुपारी गाडीतून उतरून तडक आले, पाठीवर पिशवी घेऊन."

"यंत्राच्या पूजेला तुम्ही—"

"नसते मी. दोन वर्षांपूर्वी सरांच्या कुंकवाचा कण सोन्याच्या काचेवर पडला, काच वाया गेली. मी बोलले. तेव्हापासून काहीही बिघडलं की माझ्याच धर्मावर येतं." ती उठली. "झालं? मुंग्या मारायचं औषध हवं असेल तर गुंडूमामांकडं आहे."

अण्णा चपापले. मुंग्यांबद्दल ते तिला एक शब्दही बोलले नव्हते.

४

"कारण मुंग्या शनिवारीच दिसल्या," राजवीर हसून म्हणाला. "गुंडू सगळ्या कॉलेजला सांगत फिरत होता. तुम्ही त्याच्यावरनं तिला चोर ठरवणार होता की काय, काका?"

राजवीर हंबीररावांचा भाचा, त्याच विभागात संशोधक. टेबलाच्या कडेवर बसून पाय हलवत होता. त्यानं अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी पितळी नळी पाहिली आणि भुवया उंचावल्या.

"हे काय, ब्रिक्सचं भिंग आणलंय? इथं ऊस न्हाय वो काका."

उसाच्या फडात रसाचा थेंब टाकून साखर किती उतरली ते बघायची ती नळी होती. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली तरी अण्णांच्या खिशातून ती गेली नव्हती. त्यांना उगीचच लाज वाटली.

"तुमच्याकडं प्रयोगाची साखर असते का?" त्यांनी विचारलं.

पाय हलायचे थांबले. "असते. यंत्र जुळवायला वापरतो. साखरेचं पाणी सोडलं की रेघ किती चढायला पाहिजे ते ठरलेलं असतं. बरणी माझ्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप नाही. तिला माहीत आहे, मला माहीत आहे, सरांना माहीत आहे. अजून?"

"खंडेनवमीला तुम्ही इथं होता?"

"होतो. पूजा झाली, मामांनी पेढ्यांचा बॉक्स हातात दिला, खाली कार्यालयात वाटून ये म्हणाले. मी आणि गुंडू खाली गेलो. तासभर तिथंच होतो, अख्ख्या कार्यालयाला विचारा." त्यानं आवाज चढवला. "मला तिच्या यंत्राशी काय देणंघेणं? डिसेंबरपासनं यंत्र माझ्याच हातात येणार आहे. मामा त्याच दिवशी म्हणाले."

"त्याच दिवशी? कुठल्या?"

"खंडेनवमीला. पेढे देताना." आणि मग आपण काय बोललो ते त्याच्याच चेहऱ्यावर उमटलं. खंडेनवमी मंगळवारी होती. यंत्र फसलं शुक्रवारी.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"चौगुले!" हंबीरराव दारात उभे होते. धिप्पाड देह, कपाळाला ठसठशीत टिळा. "तुम्हाला सही करायला सांगितलंय का पोरांची उलटतपासणी घ्यायला? साखरेच्या पोत्यात जन्म गेला, आता इथं शहाणपण?"

अण्णांनी पितळी नळी खिशात खोल सरकवली. "एकच विचारायचं होतं, सर. फ्रीजमधल्या बाटल्यांना तुम्ही कधी—"

"मी त्या फ्रीजला हात लावत नाही. ते तिचं राज्य. खंडेनवमीला बाहेरून दाराला टिळा लावला तेवढाच. त्या दिवशी अवजारांना विसावा असतो. मी दार उघडणं तर सोडाच, साधा तराजू चालू करत नाही. देवाधर्माचं पाळणारी माणसं आहोत आम्ही." ते दारातून बाजूला झाले. "चार वाजता. सहीनिशी. नाहीतर ग्रंथालयात उंदीर मोजायला पण ठेवणार नाही."

५

दीड वाजला होता. अण्णा व्हरांड्यात गुंडूच्या शेजारी बसले. इतरत्र कुठं बसावं ते त्यांना कळत नव्हतं.

गुंडूनं डबा उघडला. "जेवलासा?"

"न्हाय."

"मग घ्या की चतकोर. आमच्यातलं चालत आसंल तर." त्यानं कागदात गुंडाळलेली भाकरी काढली, त्यावर खर्डा.

अण्णांनी भाकरी घेतली आणि हात तसाच राहिला. कागदावर बारीक हिरव्या चौकटी होत्या.

"हा कागद कुठला, गुंडूभाऊ?"

"मशिनचा. ऱ्हायलेलं शेपूट फाडून नेतो मी. भाकरीला झ्याक. घाम धरत न्हाय." गुंडू थांबला. "का? त्येबी सील करायचं व्हतं व्हय?"

"हे शेपूट कधीचं?"

"सुक्कीरवारचं. सगळी गेल्यावर मीच मशिन बंद केलं. पेन आपलं लिवतंयच, लिवतंयच."

अण्णांनी कागद मांडीवर पसरला. खर्ड्याच्या तेलाचा डाग पडला होता. डावीकडं फाटलेल्या कडेपाशी रेघ चांगली उंचावर होती. मग ती उतरायला लागली होती. उतरत, उतरत ती कागदाच्या पायथ्याला आली होती आणि तिथून शेवटपर्यंत सपाट गेली होती.

ही दहावी नळी, अध्यक्षांच्या रक्ताची. हंबीररावांनी वरचा आकडा वाचून कागद टरकावला, तेव्हा संघप्रियानं सवयीनं पाणी सोडलं होतं. पाण्यानं धुतल्यावर सोन्याला काहीही चिकटून राहिलं नव्हतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याचं म्हणणं पुरं व्हायच्या आत माणसं उठून गेली होती.

मग चढलं ते काय होतं? जे वाहून येतं, प्रकाशाला वाकवतं, आणि धुतलं की मागं काही न ठेवता निघून जातं ते. चौतीस वर्षं अण्णांनी दुसरं काय मोजलं होतं?

त्यांनी प्राचार्यांना बोलावून त्यांच्या हातानंच सील फोडायला लावलं. मोठ्या बाटलीतला थेंब पितळी नळीच्या काचेवर टाकला आणि ती उजेडाकडं धरली. दीड. मिठाच्या पाण्याचं एवढं यायचंच. काच पुसली. छोट्या बाटलीतला थेंब टाकला.

साडेतीन.

"सोमवारी एकाच भांड्यातनं भरलेल्या बाटल्या," ते पुटपुटले.

"मग हिनंच नंतर साखर घातली," प्राचार्य घाईनं म्हणाले. "सोमवारी जायच्या आधी! चौगुले, हे तर आपलंच म्हणणं पक्कं झालं. करा सही."

प्राचार्यांचं खरं होतं. साखर आहे एवढंच कळलं होतं; ती कुणी घातली ते बाटली सांगत नव्हती.

अण्णांनी छोट्या बाटलीचं निळं टोपण उलटं करून टेबलावरच्या साध्या हातभिंगाखाली धरलं. मुंग्या झटकल्या. आणि बराच वेळ त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही.

"संघप्रियाला बोलवा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात विनंती नव्हती, ह्याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटलं.

ती आली. दाराबाहेरच उभी राहिली.

"शुक्रवारी ही बाटली तुम्ही फ्रीजमधून काढली, तेव्हा पुसली होती?"

तिचा चेहरा ताठ झाला. "हो."

"का?"

तिनं आधी प्राचार्यांकडं पाहिलं. "लाल डाग होता गळ्याला. मला वाटलं, ह्या वर्षी बाटलीलाही कुंकू लावलं. बोलले असते तर पुन्हा तेच भांडण झालं असतं, समितीसमोर. म्हणून गुपचूप पुसून टाकलं."

६

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत संस्थेचे दोन सभासद, हंबीरराव, राजवीर आणि संघप्रिया होती. गुंडूला दारात उभं केलं होतं.

अण्णा उभे राहिले. हातातला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"मी सही केलेली नाही," ते म्हणाले.

"वाटलंच होतं," हंबीरराव म्हणाले. "ह्या माणसाला सही करायची पण हिंमत नाही."

एक सभासद हसले. अण्णांना बसावंसं वाटलं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"ही सरांच्या फायलीतली पट्टी. दहावी नळी. आणि हा गुंडूभाऊंच्या भाकरीचा कागद." त्यांनी दोन्ही फाटक्या कडा एकमेकींना लावल्या. दात दातात बसावा तशा बसल्या. "इथपर्यंत चढली. इथून उतरली. यंत्रात दोष नाही, जाळीत नाही, अध्यक्षांच्या काळजातही नाही. रक्त पातळ करायच्या पाण्यात साखर होती. दहाही नळ्यांत तेच पाणी गेलं. प्रत्येक वेळी धुतलं असतं तर प्रत्येक वेळी हे उघड झालं असतं. धुऊ कुणी दिलं नाही?"

"गाडी होती त्यांची!"

"साडेआठची. प्रयोग साडेचारला संपला. मधे पाहुण्यांनी निवांत रस्सा प्यायला, सर."

प्राचार्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत बूड हलवलं. रस्सा त्यांनीच वाढला होता.

"साखर हिनं घातली!" हंबीररावांनी टेबलावर थाप मारली. "जायच्या आधी घातली आणि नागपूरला पळाली!"

"मला पण आधी तसंच वाटलं." अण्णांनी निळं टोपण पुढं सरकवलं. "आतल्या आट्यांमध्ये बघा. लाल आहे. तेलात कालवलेलं कुंकू. बाहेरचं संघप्रियानं पुसलं, आतलं तिला दिसलं नाही. हे टोपण कुंकवाच्या बोटांनी फिरवलेलं आहे. सोमवारी दुपारपासून शुक्रवार दुपारपर्यंत ती गाडीत नाहीतर नागपुरात होती, तिकिटं आहेत. आणि शुक्रवारी आल्यापासून सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती. मंगळवारी खंडेनवमी झाली."

"खंडेनवमीला सगळ्यांच्याच हाताला कुंकू असतं!"

अण्णा दाराकडं वळले.

"गुंडूभाऊ, सकाळी मला ताटाबद्दल काय सांगितलंत?"

गुंडूनं पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडली. निवृत्तीच्या कागदावर विभागप्रमुखाची सही लागणार होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"सांग की गुंडू," हंबीरराव हळू म्हणाले. सगळ्या दिवसात ते पहिल्यांदाच हळू बोलले होते. "पूजेचं ताट तूच उचलतोस ना?"

गुंडूनं त्यांच्याकडं पाहिलं. मग संघप्रियाकडं. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"न्हाय," तो म्हणाला. "तीस वर्सं तुमी त्या ताटाला हात लावू दिला न्हाईसा, सर. आज तरी मला लावाय सांगू नगा."

राजवीर खाली बघत म्हणाला, "आम्ही दोघं खाली होतो, मामा. तुम्हीच पाठवलंत. आणि डिसेंबरचं पण तुम्हीच..."

"मला एकाच गोष्टीचं कोडं होतं," अण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज लागला होता. "यंत्र फसवायचं तर सोपी वाट होती. सोन्याच्या काचेवर एक ओरखडा पुरला असता. इतकी आडवाट कशाला, की यंत्राला, काचेला, तराजूलासुद्धा काही होऊ नये? कारण ज्यानं हे केलं त्याला यंत्र पुढं हवं होतं. आणि त्याच दिवशी त्यानं त्या अवजारांना हात जोडले होते. पूजेतल्या अवजाराला तो धक्का लावणार नव्हता. बाटली अवजार नव्हती." ते थांबले. "सर, तुम्ही खरंच पाळणारे आहात. फक्त अवजारांचं पाळता."

हंबीरराव उठले. ते काहीतरी मोठ्यानं बोलतील म्हणून सगळे वाट पाहत होते. त्यांनी संघप्रियाकडं बोट केलं.

"यंत्र माझं आहे. माझ्या खोलीत, माझ्या विजेवर वाढलंय. डिसेंबरात दुसरी समिती आली असती, माझ्या भाच्यानं ते चालवलं असतं आणि नाव ह्या कॉलेजचं झालं असतं. हिच्या नावानं झालं तर कॉलेजला काय मिळणार? कुरुंदवाडात एक कमान?"

बोलून झाल्यावर आपण कबुली दिली, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते खुर्ची ढकलून निघून गेले. दारातून गुंडू बाजूला झाला नाही, त्यांनाच अंग चोरून जावं लागलं.

७

प्राचार्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. किंवा काहीतरी करायला हवं म्हणून ते तसं म्हणाले असतील. माफीचा शब्द कुणी काढला नाही. 'गैरसमज' हा शब्द दोनदा आला.

संघप्रियानं नवं मिठाचं पाणी केलं. दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर एकाच भांड्यातून भरल्या. मग ती म्हणाली, "रक्त पाहिजे. एक जण."

सभासदांनी घड्याळं पाहिली. प्राचार्यांना फोन आला. अण्णांनी बाही वर केली.

तिनं सुई टोचली ती हलक्या हातानं नव्हे. नळी गरगर फिरली, पिवळं पाणी वर आलं, यंत्रात गेलं. कागद सरकू लागला. रेघ थोडी चढली.

"एक विचारू?" ती पेनाकडं बघत म्हणाली. "त्या बाटलीला मुंग्या लागल्या नसत्या तर?"

अण्णांना काहीतरी बरं उत्तर देता आलं असतं. त्यांनी शोधूनही पाहिलं.

"सही केली असती," ते म्हणाले. "बहुतेक."

तिनं मान हलवली, जणू एखादा आकडा अपेक्षेइतकाच आला होता. मग धुण्याच्या पाण्याची कळ फिरवली.

"दीड मिनिट लागतं. हात दाबून धरा, रक्त येतंय."

दोघं उभे राहिले. बाहेर गुंडू कपाटातल्या मुंग्यांवर हळद टाकत त्यांना शिव्या देत होता. रेघ सावकाश उतरली, पायथ्याला आली आणि सपाट चालू लागली.

संघप्रियानं तिच्याखाली तारीख घातली, नळी क्रमांक अकरा लिहिलं, आणि वही अण्णांपुढं सरकवली.

"साक्षीदार म्हणून," ती म्हणाली. "आधी वाचा. मग करा."

अण्णांनी चष्मा लावला. एकेक ओळ वाचली, दोनदा. मग पेन उघडलं.